तीस हजार डॉलरचा कॅच

आज बेसबॉलबद्दल लिहितोय. थांबा, लगेच टॅब बंद करू नका! नियम माहीत नसले तरी चालेल. गोष्ट एका सुटलेल्या कॅचची आहे, आणि सुटलेला कॅच म्हणजे काय हे गल्लीत क्रिकेट खेळलेल्या कोणालाही वेगळं शिकवावं लागत नाही.

माणसाचं नाव फ्रेड स्नॉडग्रास. जन्म १८८७ चा, गाव कॅलिफोर्नियातलं व्हेंचुरा. ५ एप्रिल १९७४ रोजी तिथेच, वयाच्या ८६ व्या वर्षी तो गेला. मधल्या काळात तो नऊ वर्षं मोठ्या लीगमध्ये खेळला, तीनदा वर्ल्ड सिरीजपर्यंत पोचला, नंतर धंदा केला, शेती केली, ऑक्सनार्ड नावाच्या शहराचा महापौर झाला. आणि न्यूयॉर्क टाइम्सने मृत्युलेखाच्या मथळ्यात काय लिहावं? तर नाव, वय आणि याने १९१२ साली फ्लाय बॉल सोडला होता. बस्स.

बासष्ट वर्षं झाली होती हो त्या कॅचला. तेव्हा मैदानात असलेले बहुतेक लोक वारले होते. पण कॅच काही मरायला तयार नव्हता.

मला ही गोष्ट पहिल्यांदा कळली तेव्हा वाटलं, ठीक आहे, नेहमीचीच शोकांतिका आहे. एक चूक, आयुष्यभराचा डाग. मग त्या दिवशी नेमकं काय काय झालं ते नीट वाचलं, आणि लक्षात आलं की खरी गंमत हिशोबात आहे. म्हणजे चूक कोणाच्या खात्यावर लिहायची, या हिशोबात. आणि हा हिशोब आपण ऑफिसात रोज करतो.

पण आधी माणूस.

स्नॉडग्रास कॉलेजात कॅचर होता. बेसबॉलमधला कॅचर म्हणजे साधारण आपला विकेटकीपर. लॉस एंजेलिसच्या सेंट व्हिन्सेंट्स कॉलेजातून खेळताना न्यूयॉर्क जायंट्सचा मॅनेजर जॉन मॅग्रॉ याच्या नजरेत तो भरला आणि १९०८ साली जायंट्समध्ये आला. मॅग्रॉ म्हणजे एकदम कडक मामला. शिस्त, आरडाओरडा, अंपायरशी भांडणं, सगळं. मॅग्रॉने स्नॉडग्रासला पुढे आउटफील्डमध्ये हलवलं. बाउंडरीकडच्या लांबच्या भागात तिघेजण उभे असतात ना, त्यातल्या मधल्या जागेवर. या मधल्या फील्डरला सर्वांत जास्त मैदान राखावं लागतं, आणि दोघांच्या मधे उडालेला बॉल कोणी घ्यायचा यात त्याचा शब्द शेवटचा मानतात.

१९१० साली त्याची बॅटिंग ॲव्हरेज .३२१ होती. .३०० च्या वर गेलेला माणूस चांगला बॅटर समजला जातो, म्हणजे हा चांगलाच होता. १९११ मध्ये त्याने ५१ बेस चोरले. पिचरचं लक्ष चुकवून पुढच्या बेसवर पळायचं, ही बेसबॉलमधली अधिकृत चोरी :) त्या वर्षी जायंट्सने टीम म्हणून ३४७ बेस चोरले, आणि १९०० नंतर कुठल्याच टीमला तो आकडा गाठता आलेला नाही. स्नॉडग्रास काही अगदी गरीब गाय वगैरे नव्हता बरं का. १९११ च्या वर्ल्ड सिरीजमध्ये बेसवर घसरत जाताना त्याच्या बुटाचे खिळे फिलाडेल्फियाच्या फ्रँक बेकरला लागले होते, आणि त्यावरून तिथलं पब्लिक त्याच्यावर भयंकर चिडलं होतं.

असो. आता १९१२.

वर्ल्ड सिरीज, न्यूयॉर्क जायंट्स विरुद्ध बोस्टन रेड सॉक्स. चार मॅचेस आधी जिंकेल तो चॅम्पियन, म्हणजे जास्तीत जास्त सात. पण दुसरी मॅच ६-६ वर असताना अंधार पडला. तेव्हा मैदानावर दिवे कुठले! मॅच टाय म्हणून सोडून दिली. त्यामुळे सात मॅचेसनंतर दोघांच्या तीन-तीन झाल्या आणि आठवी खेळावी लागली. १६ ऑक्टोबर १९१२, बोस्टनचं फेनवे पार्क. हे मैदान त्याच वर्षी एप्रिलमध्ये उघडलं होतं. जायंट्सचा पिचर ख्रिस्टी मॅथ्यूसन. त्या काळातला देवमाणूसच तो.

नेहमीच्या नऊ इनिंग्ज झाल्या, स्कोअर १-१. दहाव्या इनिंगमध्ये जायंट्सने आधी बॅटिंग केली आणि एक रन काढला. २-१. आता बोस्टनला शेवटची बॅटिंग. तीन आउट काढले की जायंट्स वर्ल्ड चॅम्पियन. बॉल मॅथ्यूसनच्या हातात. यापेक्षा सेफ परिस्थिती काय असणार?

इथून पुढे एकेक बॉल नीट बघा. मजा तिथेच आहे.

पहिला बॅटर क्लाइड एंगल. त्याने बॉल उंच उडवला. साधा, शाळकरी कॅच. स्नॉडग्रासने शेजारच्या फील्डरला 'माझा' म्हणून सांगितलं, बॉलखाली गेला, बॉल ग्लोव्हमध्ये आला आणि सुटला. एंगल दुसऱ्या बेसवर.

दुसरा बॅटर हॅरी हूपर. याने सणसणीत फटका मारला, सेंटर फील्डच्या दिशेने, स्नॉडग्रासच्या डोक्यावरून जाईल असा. आणि स्नॉडग्रासने पळत जाऊन तो कॅच घेतला! एका मिनिटापूर्वी शाळकरी कॅच सोडलेला माणूस, त्याच मैदानात, त्याच पब्लिकसमोर. वर थ्रो असा केला की एंगल दुसऱ्या बेसवर परत पोचता पोचता वाचला. पुढे अनेक वर्षांनी खुद्द हूपरने सांगितलं की तो बॉल शंभरात नव्याण्णव वेळा कोणाच्याही हाताला लागला नसता, माझा हक्काचा तीन बेसचा फटका याने खाल्ला.

एक आउट.

तिसरा बॅटर स्टीव्ह यर्कीस. मॅथ्यूसनने त्याला वॉक दिला. चार बॉल बाहेर टाकले की बॅटर फुकटात पहिल्या बेसवर जातो, तो वॉक. आता हा मॅथ्यूसन कोण? तर १९१२ च्या सीझनमध्ये ३१० इनिंग्ज टाकून फक्त ३४ वॉक देणारा माणूस. म्हणजे नऊ इनिंग्जच्या मॅचमागे एक, जेमतेम. अचूकपणा हीच ज्याची ओळख, त्याने नेमक्या या बॅटरला फुकट सोडलं. पुढे विजयी रन याच यर्कीसने काढला, हे लक्षात ठेवा.

चौथा बॅटर ट्रिस स्पीकर, बोस्टनचा सर्वांत मोठा खेळाडू. त्याने बॉल उडवला तो सरळ वर, पहिल्या बेसजवळ, फाउल रेषेच्या बाहेर. क्रिकेटपेक्षा इथे एक वेगळं असतं. फाउल बॉल हवेत पकडला तर बॅटर आउट, खाली पडला तर तो परत खेळणार. हा कॅच म्हणजे एंगलच्या कॅचपेक्षाही सोपा. जवळ तिघे होते. पहिल्या बेसवरचा फ्रेड मर्कल, पिचर मॅथ्यूसन आणि कॅचर चीफ मायर्स. सर्वांत जवळ मर्कल. पण मॅथ्यूसनने हाक मारली ती मायर्सला. मर्कल थांबला. मायर्स लांबून धावत आला, पोचला नाही. तिघांच्या मधोमध बॉल टप्पकन जमिनीवर.

आपल्याकडे सोसायटीच्या मॅचमध्ये हे दर रविवारी होतं. 'तुझा तुझा' करत दोघे एकमेकांकडे बघत राहतात आणि बॉल पायाशी पडतो.

स्पीकरला जीवदान मिळालं. त्याने लगेच हिट मारली, एंगल धावत आला, स्कोअर २-२. यर्कीस तिसऱ्या बेसवर. पुढच्या बॅटरला मुद्दाम वॉक दिला. मग लॅरी गार्डनरने लांब फ्लाय मारला. तो कॅच झाला, पण कॅच झाल्यावर यर्कीस पळत घरी पोचला. ३-२. बोस्टन चॅम्पियन.

दुसऱ्या दिवसापासून सगळीकडे एकच नाव. स्नॉडग्रास. आणि त्या कॅचलाही एक नाव पडलं, 'तीस हजार डॉलरचा ड्रॉप'. हा आकडा कुठून आला? जिंकलेल्या टीमच्या प्रत्येक खेळाडूला साधारण चार हजार डॉलर मिळाले, हरलेल्यांना साधारण अडीच हजार. हा फरक गुणिले पूर्ण टीम, झाले तीस हजारांच्या आसपास. म्हणजे बघा, सगळ्या टीमचा तोटा काढला आणि एका माणसाच्या नावावर टाकला. एक्सेलमध्ये सम काढून चुकीच्या रोमध्ये चिकटवावा तसा.

आता मुद्द्याचं.

त्या इनिंगचं स्कोअरबुक उघडलं तर स्नॉडग्रासच्या नावापुढे एक एरर दिसतो. बरोबरच आहे, त्याने सोडला. पण स्पीकरच्या त्या फाउलसाठी कोणाच्या नावापुढे एरर आहे? कोणाच्याच नाही. मर्कलच्या नाही, मायर्सच्या नाही, मॅथ्यूसनच्या नाही. स्कोअररने काही पक्षपात केला अशातला भाग नाही. बेसबॉलमध्ये विचारातली चूक किंवा अंदाजातली चूक एरर म्हणून लिहीतच नाहीत, आणि दोघातिघांच्या गोंधळात कोणीच हात न लावलेला बॉल सहसा कोणाच्या खात्यावर जात नाही.

म्हणजे हिशोबाची पद्धत अशी झाली: जो 'माझा' म्हणून पुढे आला आणि चुकला, त्याचं नाव नोंदलं गेलं. जो बॉल कोणीच 'माझा' म्हटला नाही, तो कागदावर घडलाच नाही.

आणि नुकसान कशाने झालं? एंगलला जीवदान मिळालं तरी हूपरच्या कॅचनंतर जायंट्स जिंकण्याच्या स्थितीतच होते. तो फाउल पकडला असता तर दोन आउट झाले असते, आणि स्पीकरसारखा माणूस पॅव्हेलियनमध्ये बसला असता. मी असं म्हणत नाही की स्नॉडग्रासचा दोष नव्हता. होता. तो कॅच घेतलाच पाहिजे होता, तो स्वतःही आयुष्यभर हेच म्हणत आला. पण त्या दहा-पंधरा मिनिटांत जायंट्सच्या हातून तीन गोष्टी निसटल्या: एक कॅच, एक वॉक, एक फाउल. त्यातली एकच मथळ्यात गेली, कारण तिच्यावर एका माणसाचं नाव छापता येत होतं.

आमच्या धंद्यात याला 'गिट ब्लेम' म्हणतात. कमांडचं नावच ते आहे! कुठलीही ओळ सिलेक्ट करा, ती शेवटी कोणी बदलली ते नाव समोर येतं. उत्तम सोय आहे, मी रोज वापरतो. पण ती सांगते काय, तर लिहिलेल्या ओळीचा मालक. जी ओळ कोणीतरी लिहायला हवी होती आणि कोणीच लिहिली नाही, तिच्यावर गिट ब्लेम चालवून बघा. काहीच येत नाही.

मी पूर्वी एका कंपनीत होतो. नाव जाऊ दे. तिथे एका शुक्रवारी रात्री शेजारच्या टीमचं रिलीज फसलं आणि एक सिस्टीम शनिवारी सकाळपर्यंत बंद राहिली. सोमवारी जो रिपोर्ट फिरला त्यात 'मूळ कारण' या कॉलममध्ये एका मुलाच्या कमिटचा नंबर होता. दीड वर्षाचा अनुभव असलेला मुलगा. एक कंडिशन उलटी लिहिली गेली होती, हे खरंच होतं. पण त्याच रिपोर्टच्या तळाशी, परिशिष्टात, बारीक अक्षरात असंही होतं की सिस्टीम बंद पडल्यावर मिनिटभरात अलर्ट गेला होता. गेला होता तो एका मेलबॉक्सवर, जिची टीम कित्येक महिन्यांपूर्वी विसर्जित झाली होती. अलर्ट रात्रभर वाजत होता, ऐकणारं कोणी नव्हतं. रोलबॅकची स्क्रिप्ट होती, ती कधी चालवून बघितलेली नव्हती. हे दोन्ही बॉल तिघांच्या मधे पडलेले. पण अलर्टला मालक नव्हता म्हणून मूळ कारणही तो नव्हता. त्या मुलाला पुढचं वर्षभर लोक त्या रिलीजच्या नावाने ओळखत होते. नवीन जॉइन झालेल्यांनासुद्धा त्याची ओळख तशीच करून द्यायचे, हसत हसत.

त्यानंतर एक फरक मात्र पडला. त्या टीममध्ये कठीण मोड्यूल घ्यायला कोणी हात वर करेना. का करतील? 'माझा' म्हणायची किंमत त्यांनी बघितली होती. नुसतं उभं राहिलं तर एरर लागत नाही, हे शहाण्या माणसाला एकदाच कळावं लागतं.

एट्सीच्या जॉन ऑलस्पॉ यांनी २०१२ साली 'ब्लेमलेस पोस्टमॉर्टेम'वर लेख लिहिला, आणि मग हा शब्द आमच्याकडे सगळीकडे झाला. स्नॉडग्रासच्या कॅचनंतर बरोब्बर शंभर वर्षांनी, हा योगायोगच. पण लोक त्याचा अर्थ 'कोणाला काही बोलायचं नाही' असा घेतात. तसं नाहीये ते. चूक कोणी केली हे सांगा की खुशाल, स्नॉडग्रासही सांगायचा. फक्त तिथेच थांबू नका. कोणत्या बॉलला कोणीच गेलं नाही, हा प्रश्नही तेवढ्याच मोठ्या अक्षरात लिहा.

आता मॅनेजर मॅग्रॉचं काय? चिडका माणूस, तीस हजारांचा तोटा, हरलेली वर्ल्ड सिरीज. त्याने स्नॉडग्रासला काय केलं असेल?

पगार वाढवला! पुढच्या वर्षीच्या करारात हजार डॉलर जास्त, असं स्नॉडग्रासनेच नंतर सांगितलं. मॅग्रॉला हे नवीन नव्हतं. १९०८ मध्ये एकोणीस वर्षांचा मर्कल, हाच आपला पहिल्या बेसवरचा मर्कल, एका महत्त्वाच्या मॅचमध्ये दुसऱ्या बेसला पाय न लावता परत फिरला होता. त्यावरून जायंट्सचं त्या वर्षीचं विजेतेपद हुकलं, आणि पेपरवाल्यांनी त्या पोराला मूर्खांचा शिरोमणी ठरवलं. मॅग्रॉने त्याला काढलं नाही, उलट सांभाळलं. चार वर्षांनी त्या दहाव्या इनिंगमध्ये जायंट्सला २-१ करून देणारी हिट कोणाची होती? मर्कलचीच.

पण मर्कलच्या बाबतीत मला एक शंका येते. एकदा इतकं जाहीर बोलणं खाल्लेला माणूस, डोक्यावर फाउल बॉल, आणि पिचर दुसऱ्याच्या नावाने हाक मारतोय. तो 'नाही, माझा!' असं ओरडून पुढे घुसेल का? कोणाच्या मनात काय होतं ते आपण सांगू शकत नाही. पण मी त्याच्या जागी असतो तर थांबलोच असतो.

स्नॉडग्रासच्या मागे बोस्टनचं भूत काही काळ राहिलंच. १९१४ च्या सप्टेंबरमध्ये तो बोस्टनच्याच दुसऱ्या टीमविरुद्ध, ब्रेव्हजविरुद्ध, त्याच फेनवे पार्कवर खेळत होता. ब्रेव्हजच्या पिचरने बॉल हवेत उडवून मुद्दाम खाली पाडून दाखवला. नक्कल! पब्लिक हुर्यो करायला लागलं, स्नॉडग्रासने नाकाला अंगठा लावून वेडावून दाखवलं, गोंधळ एवढा वाढला की बोस्टनचे महापौर स्वतः मैदानात उतरले आणि याला बाहेर काढा म्हणाले. पुढच्याच वर्षी तो कुठल्या टीममध्ये गेला? बोस्टन ब्रेव्हज :) १९१६ मध्ये त्याची मोठ्या लीगमधली कारकीर्द तिथेच संपली. नऊशेच्या वर मॅचेस, ॲव्हरेज .२७५.

मग तो कॅलिफोर्नियाला परतला आणि आयुष्याला लागला. १९६० च्या दशकात लॉरेन्स रिटर नावाचे अर्थशास्त्राचे एक प्राध्यापक टेपरेकॉर्डर घेऊन म्हाताऱ्या खेळाडूंना शोधत देशभर फिरत होते. त्यातून १९६६ साली 'द ग्लोरी ऑफ देअर टाइम्स' हे पुस्तक झालं. त्यात स्नॉडग्रास आहे, हूपर आहे, चीफ मायर्सही आहे. एकाच इनिंगचे तीन साक्षीदार, पन्नास वर्षांनंतर. स्नॉडग्रास सांगतो की त्या कॅचचा विषय निघाला नाही असा दिवस क्वचितच गेला. त्याने कॅच लपवला नाही, सूर्य डोळ्यांत गेला वगैरे सबबही सांगितली नाही. सोडला, म्हणाला. आणि मग पुढच्या बॉलवर काय झालं तेही सांगितलं.

मला त्याचं हे फार आवडतं. कारण हूपरचा तो कॅच घ्यायला त्या क्षणी काय लागलं असेल, याचा विचार करून बघा. आत्ताच सगळ्यांसमोर कॅच सुटलाय. पुढचा बॉल परत आपल्याच दिशेने येतोय, जरा लांबच आहे. सोडून दिला असता तर कोणी एरर लावला नसता. अवघड होता, हूपरची हिट म्हणून नोंद झाली असती, स्कोअरबुक स्वच्छ. तरी हा पळाला.

मृत्युलेखाच्या मथळ्यात त्या कॅचला जागा मिळाली नाही. पण तुमच्या टीममध्ये असं कोणी असेल, काल चुकलेला आणि आज परत 'हे मी बघतो' म्हणणारा, तर त्याला निदान एक चहा पाजा. आणि पुढचा रिपोर्ट लिहायला तुम्हीच बसलात, तर पळत जाऊन घेतलेला कॅचही त्यात लिहा.